पॅनेल म्हणतं मेसेज गेला, ग्राहक म्हणतो आलाच नाही: बिघाड कुठून शोधायचा?

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातल्या दुकानांना, पतसंस्थांना आणि दवाखान्यांना बल्क एसएमएसची, म्हणजे पॅनेल नावाच्या वेबपेजवरून एकाच वेळी सगळ्या ग्राहकांना मेसेज पाठवायची, व्यवस्था लावून देणं हे माझं काम. सणाच्या तोंडावर येणारा फोन ठरलेला असतो. "ओ दादा, पैसे कटल्यात, पॅनेलवर मेसेज गेलाय म्हणतंय, पण एक गिऱ्हाईक दुकानात आलं न्हाई की." मी जातो, त्यांच्या संगणकासमोर बसतो, शोधतो. बिघाड बहुतेक वेळा त्याच सात-आठ जागांपैकी एका जागी सापडतो.

या जागा कोणत्या क्रमाने तपासायच्या ते इथे लिहितोय. फुकटात आणि पाच मिनिटांत होणारं आधी, वेळ आणि पैसा खाणारं नंतर. हा क्रम मोडू नका असं मी कळकळीने सांगतो. एका दुकानदाराने घाईने मेसेज पुरवणारी कंपनी बदलली, नवीन क्रेडिट (आगाऊ पैसे भरून घेतलेले मेसेज) विकत घेतले, आणि बिघाड होता मजकुरातल्या एका अक्षरात. नव्या कंपनीकडेही तेच अक्षर गेलं आणि तिथेही मेसेज अडला.

आधी लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते नीट बघा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या जागेकडे बोट दाखवतं.

- पॅनेलवर 'सबमिटेड' दिसतं, पण 'डिलिव्हर्ड' होत नाही.
- सगळेच्या सगळे 'रिजेक्टेड'. एकही गेलेला नाही.
- काही ग्राहकांना येतो, काहींना कधीच येत नाही, आणि दर वेळी न येणारे तेच असतात.
- तुमच्या फोनवर चाचणी बरोबर येते, पण पूर्ण यादीला पाठवला की अडतो.
- इंग्रजी मेसेज पोचतो, मराठी पोचत नाही.
- पोचतो, पण क्रेडिट दुप्पट-तिप्पट कटतात.
- पोचतो, पण लोक चिडून फोन करतात: "तुम्ही कोण? माझा नंबर कुठून मिळाला?"

हे शेवटचं लक्षण सगळ्यात गंभीर. त्यावर मी खाली सविस्तर लिहिलंय.

मेसेज जातो कोणत्या वाटेने

हे समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्या का करायच्या ते आपोआप कळतं. तुम्ही पॅनेलवर बटण दाबता. मेसेज आधी तुमच्या पुरवठादाराकडे, म्हणजे नोंदणीकृत टेलिमार्केटरकडे जातो. तिथून टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी या ऑनलाइन नोंदणी-व्यवस्थेपुढे त्याची तपासणी होते. याला या धंद्यात 'स्क्रबिंग' म्हणतात. पाठवणारा नोंदलेला आहे का, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं छोटं नाव) त्याचाच आहे का, मजकूर मंजूर टेम्प्लेटशी, म्हणजे आधी नोंदलेल्या साच्याशी, जुळतो का, समोरच्या ग्राहकाने असे मेसेज नकोत असं सांगितलंय का, हे सगळं तिथे बघितलं जातं. यात पास झाला तरच मेसेज ग्राहकाच्या फोनकडे निघतो.

या व्यवस्थेचा पाया ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांत आहे. मजकुराचं स्क्रबिंग ८ मार्च २०२१ ला लागू झालं, तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि ट्रायला ते सात दिवस थांबवावं लागलं. एवढ्या मोठ्या बँकांचे टेम्प्लेट जुळले नव्हते. त्यामुळे तुमचा मेसेज अडला म्हणून कुणीतरी मुद्दाम अडवलाय असा ग्रह करून घेऊ नका. यंत्र अक्षर बघतं, हेतू बघत नाही.

१. चार फोनवर चाचणी घ्या

घरातले, शेजारचे, कामगारांचे असे चार फोन गोळा करा: एक जिओ, एक एअरटेल, एक व्हीआय, एक बीएसएनएल. चौघांना तोच मेसेज पाठवा. खर्च रुपयाच्या आसपास. चारही ठिकाणी आला, तर तुमचा मजकूर, हेडर, नोंदणी ठीक आहे आणि बिघाड यादीत आहे. एकाच कंपनीच्या फोनवर आला नाही, तर ते काम पुरवठादाराचं, त्याला तसंच सांगा. कुठेच आला नाही, तर पुढे वाचा.

मेसेज दिसला नाही तरी लगेच 'आला नाही' म्हणू नका. फोनच्या मेसेज ॲपमध्ये 'स्पॅम आणि ब्लॉक केलेले' असा एक कप्पा असतो. तो उघडून बघा. एका दवाखान्यात आम्ही दोन तास डोकं फोडलं आणि अपॉइंटमेंटचे सगळे मेसेज त्या कप्प्यात निवांत पडलेले सापडले. रिसेप्शनवरच्या ताईंनी आधी कधीतरी तो हेडर ब्लॉक केला होता.

ज्या फोनवर चाचणी घेता तो नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिराती नकोत असं कळवलेल्यांच्या यादीत, आहे का, हेही माहीत असू द्या. घरच्या चौघांपैकी दोघे डीएनडीत असले की जाहिरातीच्या मेसेजची चाचणी चुकीचं उत्तर देते.

२. वेळ आणि रिपोर्ट बघा

जाहिरातीचे मेसेज सकाळी १० ते रात्री ९ या वेळेतच जातात. रात्री साडेनऊला दुकान बंद करून, हिशेब मिटवून मग मेसेज टाकायची सवय अनेकांना असते. तो तिथेच अडतो किंवा दुसऱ्या दिवसावर जातो.

मग डिलिव्हरी रिपोर्ट उतरवून घ्या. 'सबमिटेड' म्हणजे फक्त पुरवठादाराने स्वीकारला. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्याची ती नोंद आहे, घरी पोचल्याची नव्हे. 'डिलिव्हर्ड' म्हणजे फोनवर पोचला. 'एक्स्पायर्ड' म्हणजे फोन बंद किंवा रेंजच्या बाहेर होता आणि मुदत संपली. त्यात तुमची चूक नाही. 'रिजेक्टेड' किंवा 'ब्लॉक्ड' म्हणजे स्क्रबिंगमध्ये अडला, आणि दुरुस्ती तुम्हालाच करायची आहे. शेजारी एक एरर कोड असतो. तो प्रत्येक पुरवठादाराचा वेगळा, म्हणून त्यांच्याकडून कोडची यादी एकदा मागून घ्या आणि काउंटरखाली चिकटवून ठेवा.

रिजेक्ट झालेल्याचेही पैसे काही ठिकाणी कटतात. करार करताना हे विचारायचं राहून जातं.

रिपोर्ट हातात आल्याशिवाय सगळी यादी पुन्हा पाठवू नका. ज्यांना आधीच पोचलाय त्यांना तोच मेसेज दोनदा जाईल आणि तक्रारी त्यांच्याकडूनच येतील.

३. नंबरांचा रकाना

एक्सेल उघडा आणि नंबरांवर नजर फिरवा. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. कुठे पुढे शून्य लागलंय, कुठे ९१ दोनदा लागलंय, कुठे मधे जागा सुटलीय, कुठे मराठी आकडे पडलेत, हे शोधा. ९१ लावलेले बारा आकडी नंबर साध्या रकान्यात टाकले की एक्सेल ते आखडून दाखवतं, मधे दशांश चिन्ह आणि 'ई' हे अक्षर दिसतं. तशीच फाइल सीएसव्ही करून सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे शून्य होतात. मग कितीही पाठवा, मेसेज जाणार तो अस्तित्वात नसलेल्या नंबरांवर. त्या रकान्याचा प्रकार आधी 'टेक्स्ट' करा, मग नंबर चिकटवा.

४. अक्षरं मोजा

क्रेडिट दुप्पट का कटतात, याचं उत्तर इथे आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी युनिकोडला १६ बिट लागतात म्हणून फक्त ७०. मजकूर त्याहून मोठा झाला की तुकडे पडतात, आणि तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येक तुकड्यात जागा खाते. त्यामुळे इंग्रजीचा तुकडा १५३ चा होतो आणि मराठीचा ६७ चा.

आता मराठीत 'अक्षर' कसं मोजतात ते बघा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं. यंत्राला ती सहा दिसतात: स, पायमोड, त, पायमोड, र, दीर्घ वेलांटी.

एका साडीच्या दुकानासाठी मी लिहिलेला मेसेज असा होता:

"नमस्कार, तुमची साडी तयार आहे. सायंकाळी ७ पर्यंत दुकानातून घेऊन जावी."

मोजला तर बरोबर ६८. एकात बसला. फॉल-पिकोला दिलेल्या साड्यांसाठी तो रोज जाणार होता, म्हणून मी एकेक शब्द घासून तो ७० च्या आत आणला होता. टेम्प्लेटच्या मंजुरीसाठी शेवटी दुकानाचं नाव जोडावं लागलं आणि तो दोन मेसेजचा झाला. मग 'सायंकाळी' काढलं, 'दुकानातून' काढलं, आणि पुन्हा एकात आणला. वाचणाऱ्याला काही कमी वाटलं नाही.

आणखी एक फसवी जागा. मेसेज पूर्ण इंग्रजीत आहे, तरी पैसे मराठीसारखे कटतात. मजकुरात रुपयाचं ₹ हे चिन्ह आहे का बघा. जुन्या ७ बिटांच्या अक्षरसंचात ते नाही. ते एक चिन्ह आलं की अख्खा मेसेज युनिकोड होतो आणि मर्यादा १६० वरून थेट ७० वर येते. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब डॅशही हेच करतात. इंग्रजी मजकुरात रुपयासाठी 'Rs' ही रोमन अक्षरंच वापरा.

यावरून मराठी सोडून इंग्रजीत पाठवा असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. मी तसं कधीच सांगत नाही. इचलकरंजीच्या ज्या मावशी फॉल-पिकोला साडी टाकून जातात, त्यांना मराठी मेसेज नातवाकडून वाचून घ्यावा लागत नाही. त्यासाठी मजकूर घासायची मेहनत आपण घ्यावी.

५. टेम्प्लेट अक्षर-अक्षर जुळवा

मराठी मेसेजचा सगळ्यात छुपा बिघाड इथेच असतो. मी यावर इतक्या वेळा अडलोय की आता आधी इथेच शंका घेतो.

डीएलटीवर मंजूर झालेला मजकूर आणि प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर तंतोतंत जुळावा लागतो. बदल चालतो तो फक्त व्हेरिएबलच्या, म्हणजे नाव, रक्कम, तारीख अशा भरायच्या जागी. एक जादा स्पेस, पूर्णविरामानंतरची नवी ओळ, स्वल्पविरामाची जागा, एवढ्यानेही मेसेज अडतो. इंग्रजीत ही चूक डोळ्यांना दिसते. मराठीत दिसतच नाही.

त्या साडीच्या दुकानाचा दिवाळीचा मेसेज घ्या. त्यात शब्द होते 'दुसऱ्या साडीवर सवलत'. टेम्प्लेट मंजूर होतं, मजकूर शेजारी-शेजारी ठेवला तर एकसारखा दिसत होता, दुकान सांभाळणाऱ्या वहिनींनी तीन वेळा मोठ्याने वाचून ताडून बघितला, तरी सगळा रिजेक्ट. दोष 'दुसऱ्या' मध्ये होता. हा अर्ध्या र चा 'ऱ्या' टाइप करायच्या एकाहून जास्त वाटा आहेत. एका कीबोर्डवर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर येतं, मग पायमोड, मग 'या'. दुसऱ्या कीबोर्डवर साधा 'र', पायमोड, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग 'या'. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला पहिला शब्द सात खुणांचा, दुसरा आठ खुणांचा. टेम्प्लेट वहिनींच्या पुतण्याने संगणकावर टाइप केलं होतं आणि मेसेज वहिनींनी मोबाईलवरून. घर एक, शब्द एक, पण कीबोर्ड दोन.

'ॲडव्हान्स', 'बॅलन्स ॲडजस्ट' असे शब्द असलेल्या पतसंस्थांच्या मेसेजमध्ये 'ॲ' चं तसंच होतं. विसर्गाच्या जागी कोलन आणि कोलनच्या जागी विसर्ग हेही नेहमीचं. आणि टेम्प्लेटमध्ये '7' असताना मेसेजमध्ये '७'.

उपाय साधा आहे. मजकूर पुन्हा टाइप करू नका. डीएलटी पोर्टलवरच्या मंजूर टेम्प्लेटमधूनच कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा, फक्त व्हेरिएबल भरा आणि तोच पाठवा. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला मजकूर चिकटवू नका. शंका आली तर दोन्ही मजकूर अक्षरं मोजणाऱ्या एखाद्या साधनात टाका. आकडा एकाने जरी वेगळा आला तरी बिघाड सापडला असं समजा.

व्हेरिएबलला अक्षरांची मर्यादा असते, हेही इथेच बघा. एका पतसंस्थेला शाखेचं नाव व्हेरिएबलमध्ये टाकायचं होतं, तेव्हा मर्यादा ३० ची होती. 'लक्ष्मीपुरी शाखा, कोल्हापूर' २७ अक्षरांचं, ते जायचं. 'लक्ष्मीपुरी मुख्य शाखा, कोल्हापूर' ३३ चं, ते अडायचं. म्हणून फक्त एकाच शाखेच्या सभासदांना मेसेज मिळत नव्हता आणि सगळे त्या शाखेच्या मॅनेजरला दोष देत होते.

६. लिंक आणि फोन नंबर

मजकुरात लिंक आहे? १ ऑक्टोबर २०२४ पासून डीएलटीवर आधी नोंदलेल्या लिंकच मेसेजमधून जातात. कुठल्याही मोफत साइटवर छोटी केलेली लिंक चालत नाही. 'अधिक माहितीसाठी फोन करा' म्हणून दिलेला नंबरही नोंदवावा लागतो. फसवणुकीच्या लिंक रोखण्यासाठी हे आहे आणि मला ते पटतं. छोट्या दुकानांना माझा सल्ला: लिंक टाकूच नका. पत्ता आणि वेळ पुरते.

७. साखळी

सगळे मेसेज एकाएकी रिजेक्ट होऊ लागले आणि अलीकडेच तुम्ही पुरवठादार बदललाय, किंवा पुरवठादाराने स्वतःचा वरचा पुरवठादार बदललाय, तर डीएलटी पोर्टलवर जाऊन साखळी बघा. २०२४ च्या डिसेंबरपासून पाठवणाऱ्यापासून टेलिकॉम कंपनीपर्यंतची मधली प्रत्येक कडी नोंदलेली असावी लागते. एक कडी तुटली की मेसेज पुढे सरकत नाही. दुरुस्ती दहा मिनिटांची असते: पुरवठादार विनंती पाठवतो, तुम्ही पोर्टलवर ती मंजूर करता. अडचण इतकीच की पोर्टलचा पासवर्ड ज्या मुलाने नोंदणी केली त्याच्याकडे असतो आणि तो मुलगा आता पुण्यात नोकरीला असतो. पासवर्ड आणि नोंदणीचा मोबाईल नंबर मालकाकडेच हवा.

८. प्रकार बरोबर निवडलाय का?

इथून पुढच्या तपासण्या तंत्राच्या कमी आणि परवानगीच्या जास्त.

२०२५ पासून हेडरच्या शेवटी एक अक्षर येतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. ग्राहकाला फोन हातात घेताच कळतं की हा मेसेज कशासाठी आहे. 'साडी तयार आहे' ही सेवा. 'दुसऱ्या साडीवर सवलत' ही जाहिरात. दोन्ही एकाच मेसेजात मिसळले की तो जाहिरातीचाच धरला जातो.

काही ग्राहकांना कधीच पोचत नाही आणि दर वेळी तेच असतात, हे लक्षण असेल तर ते बहुधा डीएनडीत आहेत. १९०९ वर कळवून ग्राहक सगळे जाहिरातीचे मेसेज बंद करू शकतो, किंवा ठरावीक प्रकार: बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य असे. त्याने बंद केलेल्या प्रकारातला तुमचा मेसेज स्क्रबिंगमध्ये अडतो. हा बिघाड नाही, व्यवस्था तिचं काम करतेय.

इथे मला दर सणाला तीच विनंती होते: "सेवेच्या टेम्प्लेटमधनं घालवा की ऑफर, कुणाला कळतंय." मी ते करत नाही, तुम्हीही करू नका. ज्या माणसाने नको म्हणून सांगितलंय, त्याच्या दारात वेश बदलून जाणं आहे ते. आणि कळतं. ग्राहक मेसेज आल्यापासून सात दिवसांत तक्रार करू शकतो. टेम्प्लेटचा गैरवापर ठरला की ते टेम्प्लेट आणि हेडर बंद पडतात, आणि मग 'साडी तयार आहे' हा रोजचा साधा मेसेजही जात नाही.

दुसरी पळवाट म्हणजे दुकानातल्या पोरांच्या दहा आकडी नंबरांवरून मेसेज सोडणं. २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशा नोंदणी नसलेल्या पाठवणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होते. पहिल्यांदा पंधरा दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा घडलं तर वर्षभर सगळ्या कंपन्यांकडची जोडणी बंद. ज्याच्या नावावर सिम, त्याला ते भोगावं लागतं, आणि तो बहुधा बारा-पंधरा हजारांवर काम करणारा पोरगा असतो.

९. परवानगीची वही

शेवटचं आणि सगळ्यात कष्टाचं. 'तुम्ही कोण, माझा नंबर कुठून मिळाला' असे फोन येत असतील तर वरच्या आठ तपासण्यांनी काही होणार नाही. यादीच नव्याने उभी करावी लागते.

जुनी यादी खराब का होते? लोक नंबर बदलतात. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस थांबून दुसऱ्या माणसाला दिला जातो. म्हणजे २०१९ च्या लग्नसराईत वहिनींनी लिहून घेतलेल्या नंबरांतल्या कितीतरी नंबरांवर आज अनोळखी माणसं आहेत. त्यांनी तुमच्या दुकानाची पायरीही चढलेली नाही. त्यांची चीड रास्त आहे.

दुसरं, नंबर घेतला होता बिलासाठी. बिलासाठी नंबर देणं म्हणजे जाहिरातीला होकार नव्हे. मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयानेच दुकानदारांना सांगितलं की खरेदीसाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदाही तेच म्हणतो: होकार मोकळेपणाने दिलेला, विशिष्ट कामासाठी आणि समजून दिलेला असावा, आणि तो देणं जितकं सोपं, परत घेणंही तितकंच सोपं असावं.

मग काउंटरवर विचारायचं कसं? मी दुकानांना हे वाक्य छापून देतो:

"नवीन माल आणि सवलतीची माहिती या नंबरवर एसएमएसने पाठवली तर चालेल का? महिन्यातून दोनच मेसेज येतील. नको वाटलं तर कधीही बंद करता येईल. नाही म्हणालात तरी बिल आणि सेवा तीच मिळेल."

वहीत चार रकाने: तारीख, नंबर, हो की नाही, सही. 'नाही' म्हणणाऱ्याचीही नोंद ठेवायची, म्हणजे पुढच्या महिन्यात काउंटरवरची दुसरी मुलगी त्यालाच पुन्हा विचारत नाही.

पण स्क्रबिंगला तुमची वही दिसत नाही, हे लक्षात ठेवा. डीएनडीतल्या ग्राहकाला जाहिरात पोचवायची असेल तर त्याचा होकार डिजिटल पद्धतीने, टेलिकॉम कंपनीच्या व्यवस्थेत नोंदलेला हवा. १२७ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून ग्राहकाला विचारणा जाते आणि तो हो किंवा नाही म्हणतो. छोट्या दुकानाने लगेच त्यामागे लागावं असं मला वाटत नाही. आधी वहीतले 'हो' म्हणालेले, डीएनडीत नसलेले ग्राहक नीट सांभाळा. आणि ज्याने आधी होकार देऊन मग बंद केलं, त्याला ९० दिवस पुन्हा विचारायचं नाही, असा नियमच आहे.

त्या साडीच्या दुकानाची यादी आम्ही अशी पुन्हा लिहिली तेव्हा साडेतीन हजारांवरून नऊशेवर आली. मालकांचा चेहरा पडला होता. पुढच्या संक्रांतीला त्या नऊशेंना मेसेज गेला, त्या संध्याकाळी मी मुद्दाम दुकानात थांबलो. सात वाजता एक मावशी आत आल्या, चप्पल काढता काढता त्यांनी मोबाईल वहिनींपुढे धरला आणि म्हणाल्या, "ही काळी चंद्रकळा दावा, मेसेजात लिव्हलीया ती."

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

खालचं काही घडलं तर स्वतः खटपट करू नका.

तुमचा हेडर किंवा संपूर्ण नोंदणीच निलंबित झाल्याचा मेल आला, तर त्याच दिवशी सगळे मेसेज थांबवा आणि ज्या टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर नोंदणी आहे त्यांच्या डीएलटी मदत विभागाला लेखी कळवा. दुसऱ्या नावाने नवी नोंदणी करायच्या भानगडीत पडू नका, प्रकरण आणखी चिघळतं. ट्राय एकेकाच्या तक्रारी हाताळत नाही, तिथे फोन करून वेळ जाईल.

ओटीपी किंवा पैशांच्या व्यवहाराचे मेसेज अडत असतील, तर ते लगेच पुरवठादाराच्या तांत्रिक माणसाकडे द्या. पतसंस्थेत असा प्रयोग स्वतः करत बसणं सभासदांच्या पैशाशी खेळणं आहे.

तुम्ही न पाठवलेले मेसेज तुमच्या हेडरवरून गेले, किंवा ग्राहकांची यादी बाहेर गेल्याचा संशय आला, तर पॅनेलचा पासवर्ड बदला, पुरवठादाराला खातं गोठवायला सांगा, १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा आणि वकिलाशी बोला. कायदेशीर नोटीस आली तरी वकीलच. तिचं उत्तर मेसेजवाल्याकडून लिहून घेऊ नका, मी स्वतःही ते लिहून देत नाही.

आणि वरच्या पहिल्या सात तपासण्या करूनही चार फोनपैकी एकावरही मेसेज येत नसेल, तर पुरवठादाराला बोलवा. फोन करण्याआधी एका कागदावर एवढं लिहून ठेवा: तुमचा नोंदणी क्रमांक, हेडर, टेम्प्लेटचा क्रमांक, पाठवल्याची तारीख-वेळ, न पोचलेले पाच नंबर, त्यांचे एरर कोड, आणि पाठवलेला मजकूर नोटपॅडच्या फाइलमध्ये जसाच्या तसा. मजकुराचा स्क्रीनशॉट देऊ नका. 'दुसऱ्या' मधला फरक त्यात दिसत नाही.